कशाला हवंय?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात प्रजासत्ताक दिनी सायंकाळी आवारात दिलेल्या भाषणाचे लिखित रूप. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)



समितीने मला विषय दिला आहे 'माहितीचा अधिकार आणि सामान्य नागरिक'. वेळ दिला आहे वीस मिनिटं. बँकेतला माणूस आहे, वेळेचा हिशेब चुकणार नाही. विषयाचं नाव मात्र मी जरा बदललं आहे. 'कशाला हवंय?' हे दोनच शब्द आजचा माझा विषय. सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर जो कोणी कागद मागायला गेला असेल, त्याने हे दोन शब्द कधी ना कधी ऐकलेले आहेत.

सुरुवात या जागेपासूनच करतो. आज आपण जिथे खुर्च्या टाकून बसलो आहोत, मुलं रोज क्रिकेट खेळतात, गणपतीचा मांडव पडतो, तो हा पूर्वेचा कोपरा. नव्या सभासदांना कदाचित माहीत नसेल, पण ही जागा आपल्या हातून जायची वेळ आली होती. इमारत उभी राहिली, सोसायटी नोंदली गेली, पण विकासकाने जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे ज्याला आपण कन्व्हेयन्स म्हणतो, ते करून दिलं नाही. कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत ते करून द्यायचं असतं. आपल्याकडे चार महिन्यांची दहा-बारा वर्षं झाली. विचारलं की उत्तर ठरलेलं: "पूर्वेच्या कोपऱ्यात माझी दुसरी इमारत व्हायची आहे. ती झाली की एकदमच करून देतो."

2008 मध्ये मोफा कायद्यात दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरणाची, डीम्ड कन्व्हेयन्सची सोय आली. विकासक करून देत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. समितीने फाइल माझ्या हाती दिली. "तुम्हाला आता वेळच वेळ," असं म्हणून. निवृत्त माणसाला वेळ असतो असा समज कोणी पसरवला कोण जाणे!

अर्जाला कागद हवे होते. मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र. विकासकाकडे मागितले तर "शोधतो". मग मी संबंधित कार्यालयात गेलो. कोणतं, ते सांगत नाही. ते महत्त्वाचंही नाही. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "कशाला हवंय?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "बिल्डरकडून पत्र आणा." म्हणजे ज्याच्याविरुद्ध कागद हवा, त्याचीच परवानगी आणा! तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मी जोडपत्र 'अ' भरलं आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला.

आता कायद्याबद्दल थोडं सांगतो. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 साली आला आणि त्या वर्षीच्या 12 ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याचं कलम 6, पोटकलम 2 माझं सर्वांत आवडतं. त्यात म्हटलं आहे की अर्जदाराने माहिती का हवी आहे याचं कारण देण्याची गरज नाही. संपर्कासाठी लागेल तेवढाच स्वतःचा तपशील द्यायचा, बाकी काही नाही. म्हणजे 'कशाला हवंय?' हा प्रश्नच कायद्याने रद्द केला.

हे असंच वरून कोणी दिलेलं नाही. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी, त्यात अरुणा रॉय होत्या, खेड्यापाड्यांतल्या रोजगाराच्या कामांचे हजेरीपट मागायला सुरुवात केली. जनसुनवाईत ते हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले जात. जे कधी कामावर गेलेच नाहीत त्यांच्या नावावर मजुरी निघालेली. लोक उठून उभे राहत आणि सांगत, हा मी, मला एक पैसा मिळाला नाही. 1996 च्या एप्रिलमध्ये ब्यावर गावात चाळीस दिवसांचं धरणं झालं. मागणी काय, तर हिशेबाच्या कागदांच्या झेरॉक्स प्रती! हजेरीपटावर आपलं नाव काय म्हणून लिहिलं आहे, हे बघायला अक्षरओळखसुद्धा नसलेल्या बायाबापड्या उन्हात बसल्या. आपण इथे सगळे शिकलेले. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या वॉर्डाचा एखादा कागद पाहिला आहे? मी साठ वर्षांचा होईपर्यंत पाहिला नव्हता.

तामिळनाडू आणि गोवा यांनी 1997 मध्येच असे कायदे केले होते. आपल्याकडे 2000 साली एक कायदा झाला, पण तो अगदीच लेचापेचा. अण्णा हजारे यांनी तो बदलण्यासाठी आंदोलनं केली. 2003 च्या ऑगस्टमध्ये ते आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि त्याच सुमारास महाराष्ट्राच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याच्याही आधी, 1975 साली राज नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की सार्वजनिक कामं करणारे जे जे काही करतात ते जाणून घ्यायचा लोकांना हक्क आहे. म्हणजे तत्त्व आधी आलं आणि दहा रुपयांच्या स्टॅम्पपर्यंत पोचायला त्याला तीस वर्षं लागली.

तर माझा अर्ज. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. कायद्यात मुदत तीस दिवसांची आहे. म्हणजे उत्तर वेळेत होतं, तक्रारीला जागा नाही. मजकूर एकच ओळ: 'सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.'

माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबणार होतो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "बँकेत कोणी येऊन म्हणालं असतं की व्हाउचर सापडत नाही, तर तुम्ही घरी गेला असतात का?" मी गेलो नसतो. एक व्हाउचर सापडेना म्हणून रात्री साडेनऊपर्यंत अख्खी शाखा बसलेली मी पाहिली आहे.

मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून जोडपत्र 'ब', म्हणजे पहिलं अपील केलं. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत करायचं असतं. अपिलात मी दोनच गोष्टी लिहिल्या. एक, फाइल नष्ट केली असेल तर नष्ट केल्याची नोंद दाखवा. दोन, हरवली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 खाली काय कारवाई केली ते कळवा. त्या कायद्यात सरकारी कागद बेकायदेशीरपणे नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

सुनावणीला बोलावलं. अपिलीय अधिकारी सज्जन होते. म्हणाले, "काका, तुम्हीच येऊन शोधा ना." आणि हेच मला हवं होतं. या कायद्यात 'माहिती' म्हणजे फक्त झेरॉक्स नव्हे. कागद प्रत्यक्ष पाहण्याचा, त्यावरून टिपणं काढण्याचाही अधिकार आहे. पाहणीचा पहिला तास फुकट.

अभिलेख कक्षात गेलो. लाल रुमालात बांधलेली दप्तरं छतापर्यंत. तिथल्या शिपायाने मला विचारलं, "जमीन आधी कोणाची होती?" मी मूळ मालकाचं आडनाव सांगितलं. वीस मिनिटांत त्याने रुमाल सोडला. फाइल विकासकाच्या नावाने लावलेलीच नव्हती, मूळ जमीनमालकाच्या नावाने लावलेली होती. म्हणजे कोणी ती दडवली नव्हती, कोणी जाळली नव्हती. कोणी पाहिलीच नव्हती. 'आढळून येत नाही' हे अक्षरशः खरं होतं, कारण जे शोधतच नाहीत त्यांना काही आढळून येत नसतं.

फाइलच्या दोन बाजू असतात, एक पत्रव्यवहाराची आणि एक टिपणीची. खरी गंमत टिपणीत असते. कारकुनाने काय लिहिलं, साहेबांनी काय शेरा मारला, कोणाच्या सांगण्यावरून काय बदललं. 2006 मध्ये केंद्र सरकारच्या मनात या टिपण्या कायद्यातून वगळायचं आलं होतं. तेव्हा अण्णांनी आळंदीला उपोषण केलं, देशभरातून विरोध झाला आणि ती दुरुस्ती बारगळली. म्हणून मी ती टिपणी वाचू शकलो. त्यात विकासकाचा एक अर्ज होता, पूर्वेच्या कोपऱ्यात वाढीव बांधकाम मिळावं म्हणून. आणि त्याखाली शेरा होता की मंजूर नकाशात ही जागा 'मोकळी जागा' म्हणून दाखवलेली असल्याने विनंती मान्य करता येत नाही.

मंडळी, तो शेरा आपली सोसायटी नोंदली जाण्याच्याही आधीचा होता. म्हणजे ज्या दुसऱ्या इमारतीच्या नावाने आपल्याला दहा-बारा वर्षं ताटकळत ठेवलं, तिला परवानगी कधीच नाकारली गेली होती. विकासकाला हे माहीत होतं, कार्यालयाला माहीत होतं. ज्यांचं घर तिथे होतं त्या आपल्यालाच फक्त माहीत नव्हतं.

सेहेचाळीस पानांच्या प्रती, दोन रुपयांप्रमाणे ब्याण्णव रुपये. दोन स्टॅम्पचे तीस. नकाशाच्या मोठ्या प्रतीचे पैसे वेगळे भरले. ते कागद जोडून उपनिबंधकांकडे अर्ज गेला, सुनावण्या झाल्या आणि शेवटी जमीन सोसायटीच्या नावावर झाली. आज मिळकत पत्रिकेवर आपल्या सोसायटीचं नाव आहे. श्रेय माझं एकट्याचं नाही, वकील होते, समिती होती. पण कागद नसता तर वकिलांनी तरी काय केलं असतं?

आता दुसरा भाग, सभांचा. कागद म्हणजे झालेल्या निर्णयाची सावली. निर्णय होतो सभेत. तिथे आपल्याला बसता येतं का? येतं. महापालिकेच्या सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुल्या असाव्यात, हा नियम मुंबईच्या 1888 च्या कायद्यापासून आहे. बहुमताने ठराव करून एखादा विषय बंद दाराआड घेता येतो, पण तो अपवाद. गावाकडे तर ग्रामसभेत मतदार नुसता बघायला नाही, बोलायला जातो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा गावाकडच्या माणसाला ठाऊक असतात. आपल्याला शहरात फक्त सुट्ट्या ठाऊक.

मी एकदा एका महापालिकेच्या प्रेक्षक सज्जात जाऊन बसलो. पास काढला, दोन तास बसलो. पाऊण तास एका चौकाच्या नावावरून वाद. नंतर नाल्याच्या कामाचा विषय पुकारला गेला. "मंजूर, मंजूर" असा आवाज झाला आणि पुढचा विषय आला. मी घड्याळ पाहिलं, अर्ध्या मिनिटाच्या आत. पुढे इतिवृत्त पाहिलं तर त्यात काय लिहिलं होतं? 'सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर.'

हसू नका. घरी आल्यावर मी आपल्या सोसायटीचं इतिवृत्ताचं पुस्तक काढलं. वार्षिक सर्वसाधारण सभा, गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब, नंतर अकरा सभासदांच्या उपस्थितीत सुरू. विषय क्रमांक 4, रंगकाम. 'सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर.' खाली सही कोणाची? माझी. मी तेव्हा खजिनदार होतो.

सभेत बसणारा माणूस असला की फरक पडतो, हे मी त्या दिवशीही पाहिलं. सज्जात आम्ही चौघेच होतो, पण खालचे दोन-तीन जण बोलताना वर बघत होते. 2022 पासून काही वर्षं आपल्याकडच्या कितीतरी महापालिकांच्या निवडणुका झाल्या नाहीत, कारभार प्रशासकांकडे होता. नगरसेवकांची सभाच नाही, तर सज्जात बसून बघणार काय? अशा वेळी कागद हाच एक दरवाजा उरतो.

आणि निर्णय होण्याआधीही एक दरवाजा असतो, 'हरकती व सूचना'. विकास आराखडा आला, रस्तारुंदी आली, की राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक टायपात सूचना येते. अमुक दिवसांत हरकती नोंदवा. आपण ते पान उलटून राशिभविष्य वाचतो. पण मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा 2015 च्या फेब्रुवारीत आला, त्यावर हजारो हरकती गेल्या, आणि दोन-तीन महिन्यांत शासनाने तो पुन्हा तयार करायला सांगितलं. लोकांनी नकाशे उघडून आपापली गल्ली पाहिली होती, म्हणून हे झालं.

आता मी जरा अवघड जागी येतो. छत्तीस वर्षं मी बँकेत काढली. नोकरीला लागताना सही केली ती 'निष्ठा व गोपनीयता' यांच्या घोषणापत्रावर. राष्ट्रीयीकरणाच्या 1970 च्या कायद्यातच ती अट आहे. खातेदाराची गोष्ट बाहेर काढायची नाही. सख्खा भाऊ शेजारच्या खुर्चीवर बसलेला असला तरी दुसऱ्या भावाची शिल्लक सांगायची नाही. ही सवय माझ्या हाडात मुरलेली. त्यामुळे 'सगळं उघडं करा' असं कोणी म्हटलं की पहिल्यांदा मलाच धसका बसतो.

बराच विचार केल्यावर मला एक गोष्ट पटली. प्रश्न गुप्त ठेवावं की उघड करावं हा नाहीच. प्रश्न आहे, कागद कोणाचा? पासबुक खातेदाराचं, म्हणून ते मी दुसऱ्याला दाखवणार नाही. नाल्याचं अंदाजपत्रक करदात्याचं, म्हणून ते मी त्याला नाकारू शकत नाही. बँक गोपनीयता पाळते ती खातेदारासाठी, स्वतःची चूक झाकायला नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेलाही हेच सांगितलं, की बँकांच्या तपासणीचे अहवाल अडवून ठेवता येणार नाहीत. आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना ते रुचलं नाही, बँकांनी पुढेही हरकती घेतल्या. मलाही पहिल्या दिवशी रुचलं नव्हतं.

कायद्याच्या कलम 8 मध्ये काय द्यायचं नाही याची यादी आहे. देशाची सुरक्षा, तपासात अडथळा, व्यापारी गुपितं, एखाद्याचं खासगी आयुष्य. त्यातला खासगी माहितीचा भाग 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बदलला. आधी खासगी माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर द्या, असं त्या पोटकलमातच होतं. आता तिथे 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. जनहिताची वेगळी तरतूद त्याच कलमात दुसरीकडे आहे, पण त्यासाठी भांडावं लागेल. हजेरीपटावरचं नाव वैयक्तिक म्हटलं, तर ब्यावरच्या बायकांनी काय वाचलं असतं? याकडे लक्ष ठेवायला हवं, एवढंच म्हणतो.

या कायद्याचा गैरवापर होत नाही का? होतो. अर्ज टाकायचा आणि नंतर तोडपाणी करायचं, असे लोक आहेत. एकाच कार्यालयात शेकडो अर्ज टाकून छळणारेही आहेत. दुसऱ्या बाजूला, कागद मागितल्याबद्दल जीव गमावलेले लोक आहेत. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार कागदांनिशी उघडे करत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी त्यांचा खून झाला. आपण दहा रुपयांचा स्टॅम्प लावतो तेव्हा त्याची किंमत दहा रुपये नसते, हे मुलांनी लक्षात ठेवावं.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. माहितीचा अधिकार सोसायटीला लागू आहे का? थेट नाही. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारचं मोठं अर्थसाहाय्य किंवा खरं नियंत्रण नसेल तर सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' नाही. पण निबंधक आहेत, आणि कायद्याने ते जी माहिती संस्थेकडून घेऊ शकतात ती त्यांच्यामार्फत मागता येते. मात्र सभासदाला इतक्या लांब जायची गरजच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960. उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सभासदाने कार्यालयात येऊन विनामूल्य पाहाव्यात. लेखी मागून फी भरली तर प्रती द्याव्यात. हा हक्क माहिती अधिकाराच्या कायद्यापेक्षा पंचेचाळीस वर्षांनी मोठा आहे, आणि आपल्या कार्यालयातल्या कपाटात बंद आहे.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी आज उभा राहायला तयार झालो.

मी खजिनदार असताना, तेच रंगकामाचं वर्ष. तिसऱ्या मजल्यावरच्या एक शिक्षिका बाई रविवारी कार्यालयात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, रंगकामाची तिन्ही दरपत्रकं आणि बिलं बघायची होती." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "कशाला हवंय?" आणि वर म्हणालो, "माझ्यावर विश्वास नाही का?" बाई ओशाळल्या. "तसं नाही हो," म्हणून निघून गेल्या. त्यानंतर दोन वर्षं त्या सर्वसाधारण सभेला आल्या नाहीत.

हिशेब चोख होता, मंडळी. रुपयाचाही फरक नव्हता. सर्वांत कमी दराचं काम दिलं होतं. दाखवलं असतं तर माझंच कौतुक झालं असतं. तरी मी दाखवलं नाही. का? कारण मला विचारलं, याचाच राग आला.

त्या खिडकीवर जेव्हा मला 'कशाला हवंय?' ऐकू आलं, तेव्हा पहिल्यांदा त्या बाई आठवल्या. आणि कळलं की खिडकीपलीकडचा माणूस चोर असेलच असं नाही. तोही कदाचित माझ्यासारखाच, फुकटचा दुखावलेला असेल. लपवायला काही असतं म्हणून कागद बंद राहतात, हे नेहमी खरं नाही. पुष्कळदा ते नुसत्या अहंकारापायी बंद राहतात. आणि चोख कागद बंद ठेवायची सवय लागली, की त्याच कपाटात उद्या खोटा कागदही सुखाने बसतो. दोघांना एकच कुलूप.

गंमत बघा, बँकेत मी हे कधी केलं नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. अचानक तपासणीस आला, रोकड मोजू लागला, तर मी त्याला कधी म्हणालो नाही, "माझ्यावर विश्वास नाही का?" उलट चहा मागवला. रोकड जुळली की रात्री शांत झोप लागायची ती माझ्या प्रामाणिकपणामुळे नव्हे, दुसऱ्या कोणीतरी मोजून सही केली होती म्हणून. मोजणारा येणं हा अपमान नसून आधार असतो, हे मला ज्या खुर्चीवर पगार मिळत होता तिथे कळत होतं. ज्या खुर्चीवर मान मिळत होता तिथे कळलं नाही.

त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, वीस वर्षं होत आली. उशीर झाला, पण सर्वांसमोर तुमची माफी मागतो. तुमची ती फाइल मी आज सोबत आणली आहे. दरपत्रकं, बिलं, सगळं आहे. कशाला हवंय, ते विचारणार नाही.

(इथे टाळ्या झाल्या असं स्मरणिका समितीने लिहायला सांगितलं आहे. बाई मात्र म्हणाल्या, "आता चष्मा बदलून आणते, मग बघते." आणि त्यांनी पुढच्याच रविवारी खरोखर पाहिली, हे नमूद करतो.)

शेवटचं, काय करायचं ते. महाराष्ट्र शासनाने 2018 च्या नोव्हेंबरमध्ये परिपत्रक काढलं आहे की जिल्हा स्तरावरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. निवृत्त मंडळींनी सोमवारची वामकुक्षी महिन्यातून एकदा सोडावी. दोघांनी मिळून जावं. सगळ्या देशाचा भ्रष्टाचार शोधायला नको, आपल्या गल्लीतल्या एका रस्त्याची फाइल बघावी. कंत्राट केवढ्याचं, डांबराचा थर किती, दुरुस्तीची हमी किती वर्षांची. हमीच्या मुदतीतला खड्डा कंत्राटदाराने फुकट बुजवायचा असतो, आणि हे फाइल पाहिल्याशिवाय कळत नाही.

अर्ज करायचा तर मोघम लिहू नये. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत, अशी मर्यादा आहे. आमच्या घरी मत असं आहे की माझं कुठलंही म्हणणं 150 शब्दांत बसत नाही, पण अर्ज बसतो. 'का केलं नाही' असं विचारू नका; 'अमुक कागदाची प्रत द्या' असं मागा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. पोच जपून ठेवा, तारीख कॅलेंडरवर लिहा. तीस दिवस झाले की अपील. अपील करताना रागावू नका. माझी फाइल शेवटी एका शिपायाने शोधून दिली, आणि त्याने ती रागाने नव्हे, अनुभवाने शोधली.

आणि आपल्या समितीला माझी एक सूचना, सूचना कसली, विनंतीच. सरकारला सोमवार आहे, तर आपल्याला एक रविवार असू द्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी 10 ते 12 सोसायटीच्या कार्यालयात सगळ्या फाइली टेबलावर ठेवाव्यात. इतिवृत्त, बिलं, दरपत्रकं, बँकेचं पासबुक. ज्याला पाहायचं त्याने पाहावं. थकबाकीदाराच्या घरगुती अडचणीचं पत्र असेल तर ते तेवढं बाजूला ठेवा, ते त्याचं आहे. बाकी सगळं आपलं आहे. पहिल्या रविवारी कोणी आलं नाही तरी फाइली ठेवाव्यात. मी येऊन बसेन. चहा माझ्याकडून.

मुलांनो, तुम्ही उद्या या कोपऱ्यात खेळायला याल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की तुमचं मैदान एका रुमालात बांधलेलं होतं. कोणीतरी जाऊन तो सोडला म्हणून ते राहिलं.

माझी वीस मिनिटं झाली.  सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना मनापासून शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.